वाचकांचे प्रश्न : अँडीजच्या शाळा, बालगृहं आणि वर्षभराचा मुक्काम

पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या डोंगराळ भागात सहा महिने, वर्षभर राहून मुलांसाठी काम करण्याविषयी बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. काही उत्तरं लांबली, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : माझं वय २६, समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालं आहे. कुस्कोजवळच्या एका अनाथाश्रमात सहा महिने राहून लहान मुलांची देखभाल करायची इच्छा आहे. ईमेल केल्यावर दोन दिवसांत होकार आला आणि पैसे भरायला सांगितलं. संस्था चांगली आहे का, हे इथं बसून कसं ओळखायचं? (पुणे)

उत्तर : पोलीस दाखला मागितला नाही, मुलाखत घेतली नाही, पैसे कुठं भरायचे ते मात्र लगेच कळवलं. एवढ्यावरूनच ही संस्था सोडा असं आमचं स्पष्ट मत आहे. परका माणूस जिथं इतक्या सहज शिरू शकतो, तिथं तुमच्याआधी कोण शिरलं असेल याचा विचार करा.

पेरूमध्ये अशा संस्थेचं कायद्यातलं नाव ‘सेंत्रो दे आकोहिदा रेसिदेन्सियाल’. बोलताना लोक ‘आल्बेर्गे’ किंवा ‘कासा ओगार’ म्हणतात. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या १२९७ क्रमांकाच्या वैधानिक आदेशानं क्रम ठरवून दिला आहे : मूल आधी स्वतःच्या घरी, ते शक्य नसेल तर नातेवाइकांकडे किंवा त्याला सांभाळायला घेणाऱ्या पालक कुटुंबात, आणि दुसरा इलाजच नसेल तर संस्थेत. हा निर्णय संस्थाचालकानं घ्यायचा नसतो, विशेष संरक्षणाचा सरकारी विभाग तो घेतो. केंद्राला महिला व दुर्बल घटकांच्या मंत्रालयाची मान्यता लागते. बोलिव्हियात २०१४ च्या ५४८ क्रमांकाच्या बालक कायद्याखाली हे काम प्रांताच्या समाजसेवा कार्यालयाकडे, बहुधा ‘सेदेहेस’ नावाच्या, आहे. मूल घरातच वाढावं म्हणून कुटुंबाला दरमहा मदत देणारी आपली बालसंगोपन योजना ज्या विचाराची आहे, त्याच विचाराचं हे धोरण. करोनात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी पेरू सरकारनं २०२१ मध्ये महिना २०० सोलचं (सोल हे पेरूचं चलन) साहाय्य सुरू केलं, तेही मूल ज्या घरात वाढतं आहे तिथंच मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०१९ च्या ठरावात बालगृहांतल्या स्वयंसेवेमुळे आणि पर्यटनामुळे मुलांचं नुकसान होतं, असं नाव घेऊन म्हटलं आहे. जगभरातल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतात. मुलं तिथं पोचतात ती बहुधा गरिबीमुळे, घरातल्या मारहाणीमुळे किंवा शाळा लांब असल्यामुळे.

तेव्हा कोणत्याही संस्थेला पुढच्या गोष्टी लेखी विचारा. मान्यता क्रमांक काय आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे? मुलं किती, त्यांपैकी किती जणांच्या नातेवाइकांचा ठावठिकाणा माहीत आहे, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली? रात्रपाळीला किती मुलांमागे एक माणूस असतो? बालसुरक्षा धोरणाची प्रत पाठवाल का, आणि तक्रार करायची झाली तर संस्थेबाहेर कुणाकडे? स्वयंसेवकाला किमान किती दिवस राहावं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘एक आठवडा चालेल’ असं आलं, तर बाकीची उत्तरं वाचायची गरज नाही.

आता तुमच्या इच्छेविषयी. लहानग्यांना भरवणं, झोपवणं, कडेवर घेऊन फिरणं हे काम तिथं कायम राहणाऱ्या बायकांसाठी सोडा. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली १३६ मुलांवर सुरू झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं, की एकाच कुटुंबात स्थिरावलेली मुलं, विशेषतः दोन वर्षांच्या आत तिथं गेलेली, संस्थेत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी बरी वाढतात. मुलाला लागतो तो न बदलणारा माणूस. आल्बेर्गेतली मुलं प्रत्येक बाईला ‘तिया’, म्हणजे मावशी, म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी धावत येऊन मिठी मारतात. पाहुण्याला वाटतं, किती प्रेमळ मुलं! प्रत्यक्षात अनोळखी माणसाला अशी मिठी मारणं ही अनेकदा जवळची माणसं वारंवार सुटत गेल्याची खूण असते. सहा महिन्यांनी निघून जाणारी आणखी एक तिया त्या मुलाला नको आहे.

तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग पडद्यामागे आहे. प्रत्येक मुलाची ‘एक्स्पेदिएंते’, म्हणजे फाइल, अद्ययावत करणं, जन्मनोंद आणि ओळखपत्र नसेल तर त्याचा पाठपुरावा करणं, संस्थेच्या समाजसेविकेबरोबर बसनं गावोगाव जाऊन नातेवाईक शोधणं, मूल घरी गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा भेट देणं. हे काम नेहमी मागं पडतं, कारण एका समाजसेविकेकडे फार फायली असतात. त्यासाठी स्पॅनिश बऱ्यापैकी हवं आणि सहा महिने कमी पडतात. वर्षभराची तयारी ठेवा. नियम साधे आहेत : बंद दाराआड मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, एकाच मुलाला भेटवस्तू द्यायची नाही, मुलाला आपल्या खोलीवर न्यायचं नाही. गैरप्रकार दिसला तर पेरूमध्ये १०० या क्रमांकावर सरकारी मदतवाहिनी चोवीस तास आहे.

आणखी एक वाट आहे, आणि आमच्या मते ती जास्त चांगली. पेरूच्या डोंगरात माध्यमिक शाळांना जोडलेली विद्यार्थी निवासं आहेत. पंधरवडाभर शाळेत आणि पंधरवडाभर घरच्या शेतावर अशी पद्धत असलेल्या ग्रामीण शाळाही आहेत. आपल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं ओळखणाऱ्याला तिथले प्रश्न लगेच कळतील : संध्याकाळचा अभ्यास, आठवडी जेवण, मुलींची सुरक्षितता. तिथल्या मुलांना घर आहे आणि ती घरी जातात. तुमच्या जाण्यानं त्यांचं आतून काही तुटत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. वय ६०, तब्येत ठणठणीत. स्पॅनिशची पहिली पातळी पूर्ण केली. तिकडच्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत वर्षभर गणित शिकवता येईल का? (सातारा)

उत्तर : बाई, येईल. दोन-तीन इयत्ता एका वर्गात सांभाळण्याचा तुमचा अनुभव तिथं फार मोलाचा आहे. पेरूच्या उंचावरच्या गावांत ‘उनिदोसेंते’, म्हणजे एकशिक्षकी, आणि ‘मुल्तिग्रादो’, म्हणजे बहुवर्ग शाळा सर्रास आहेत. दिवस साधारण सकाळी आठ ते दुपारी एक.

पहिली चूक होते ती तारखांची. पेरूचं शालेय वर्ष मार्च ते डिसेंबर, बोलिव्हियाचं फेब्रुवारीत सुरू होतं, इक्वेडोरच्या डोंगराळ भागाचं सप्टेंबरमध्ये. आपल्या सवयीनं जूनमध्ये पेरूला पोचलात, तर अर्धं वर्ष उलटत आलेलं असेल आणि शिक्षकांचं नियोजन कधीच ठरलेलं असेल. जानेवारीत पोचा, दोन महिने भाषेला आणि हवामानाला द्या, मार्चमध्ये शाळेसोबतच सुरुवात करा.

दुसरी गोष्ट परवानगीची. मुख्याध्यापक ‘या’ म्हणाले म्हणजे झालं असं नाही. पेरूमध्ये तालुका पातळीसारखं ‘उहेल’ नावाचं शिक्षण कार्यालय असतं. तिथं स्थानिक संस्थेच्या पत्रासह तुमचं नाव, पासपोर्ट, पोलीस दाखला आणि कामाचा आराखडा द्यावा लागतो. गावाची संमती वेगळी. पालक संघाच्या, म्हणजे ‘आपाफा’च्या, सभेत स्वतः उभं राहून आपण कोण, किती दिवस राहणार, काय करणार हे सांगा. गावकऱ्यांच्या श्रमदानाला, ‘फाएना’ला, बोलावलं तर जा.

भाषेचं म्हणाल तर युरोपीय चौकटीतली तिसरी पातळी, बी-१, ही किमान गरज धरा. शून्यापासून ३५० ते ४०० तास लागतात. रोज दोन तास दिले तर सहा-साडेसहा महिने. पण पहिली-दुसरीतल्या मुलांची घरची भाषा केचुआ किंवा, तितिकाका सरोवराच्या बाजूला, आयमारा असते. म्हणून वर्ग एकटीनं घेऊ नका, शिक्षकाशेजारी बसून घ्या. पहिला महिना नुसतं पाहा. मुलं तुम्हाला ‘प्रोफे’ म्हणतील. केचुआ गावातल्या वडीलधाऱ्या बाईंना ‘मामाय’ आणि पुरुषांना ‘ताय्ताय’ म्हणा.

गणितात तुम्हाला खास आनंद मिळेल. केचुआत २७ म्हणजे ‘इस्काय चुन्का कांचिस्नियोख’ : दोन दहा आणि सात. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत सगळ्या संख्या अशाच बनतात. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ची जोड दिली तेव्हा आपल्याकडे वाद झाला होता, तिथल्या मुलांना दशक-एकक ही मांडणी बोलण्यातच मिळते. पण शाळेत गणित स्पॅनिशमधून आलं की हा फायदा वाया जातो. त्यामुळे दशक-एकक आधी केचुआत म्हणून घ्या, मग स्पॅनिशकडे वळा. ‘युपाना’ हा इंकाकालीन मोजणीपाट तिथल्या द्विभाषिक शाळांत वापरतात. पुठ्ठ्यावर चौकटी आखून मक्याचे दाणे ठेवले की झालं. आपल्याकडून छापील तक्ते नेऊ नका. गावातल्या शिक्षकाला जे पुन्हा करता येईल, तेच साहित्य टिकतं.

संस्था बहुधा इंग्रजी शिकवा म्हणतील. चौथीतल्या मुलाला स्पॅनिश परिच्छेद सलग वाचता येत नसेल, तर त्याला इंग्रजी रंगांची नावं पाठ करून काही मिळत नाही. नम्रपणे नाही म्हणा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं : बाहेरचा माणूस आला की शिक्षकाला कार्यालयीन कामासाठी शहरात जायला मोकळीक मिळते, आणि हळूहळू वर्ग स्वयंसेवकाच्या गळ्यात पडतो. तुम्ही गेलात की वर्ग उघड्यावर पडतो. सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा, की नियमित शिक्षक नसेल त्या दिवशी तुम्हीही तास घेणार नाही. ऑक्टोबर संपला की स्वतः शिकवणं कमी करत जा. नोव्हेंबरमध्ये शिक्षकानं तास घ्यायचा आणि तुम्ही मागे बसायचं. टिपणं स्पॅनिशमध्ये लिहून एक प्रत शाळेत, एक उहेलमध्ये ठेवा.

प्रश्न : कृषी पदवीधर आहे, घरी पॉलिहाऊस आहे. पेरूच्या पुनो भागातल्या एका शाळेला भाजीपाल्यासाठी हरितगृह करून हवं आहे असं कळलं. आपलं तंत्र तिथं चालेल का? (तासगाव, जि. सांगली)

उत्तर : तंत्र चालेल, पण पुष्कळ गोष्टी उलट्या करून घ्याव्या लागतील. आपलं पॉलिहाऊस उन्हाचा तडाखा कमी करायला. तिथलं ‘फितोतोल्दो’ दिवसाची ऊब रात्रीसाठी साठवायला. पुनोच्या पठारावर, ३,८०० मीटरवर, जून-जुलैच्या रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि दुपारी ऊन भाजून काढतं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक दिशेची. तो दक्षिण गोलार्ध आहे, हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेची भिंत उंच, उत्तरेची बुटकी आणि छताचा उतार उत्तरेकडे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम. पहिल्या वेळी ४ मीटर रुंद, ८ मीटर लांब एवढंच करा. दक्षिण भिंत २.४ मीटर, उत्तर भिंत १ मीटर. भिंती कच्च्या विटांच्या, म्हणजे अडोबेच्या, ४० सेंटिमीटर जाड. रात्रीची ऊब या भिंतीच देतात. पत्रा किंवा नुसतं प्लास्टिक लावलं तर पहाटे आत-बाहेर सारखीच थंडी. पायाला दगड आणि वर एक-दोन थर तरी दगडाचेच घ्या, नाहीतर पावसाळ्यात वीट खालून विरघळते. विटा मे ते सप्टेंबर या कोरड्या काळात पाडा आणि तीन-चार आठवडे वाळू द्या. नोव्हेंबरनंतर पाऊस लागतो, तेव्हा नुसता चिखल होतो.

छताला अतिनील किरणांना टिकणारी कृषी फिल्म घ्या. साधा प्लास्टिक कागद त्या उंचीवरच्या उन्हात एका हंगामात तडकतो. चांगली फिल्मही कायमची नसते, दोन-तीन वर्षांनी बदलायची. ती रक्कम आधीच पालक संघाच्या वहीत लिहून घ्या. फिल्म फाटते ती बहुधा लाकडाला घासते तिथं. वासे तासून गुळगुळीत करा, वरून कापड किंवा जुनी फिल्म गुंडाळा. खिळे थेट फिल्ममध्ये मारू नका, जुन्या टायरच्या पट्ट्या वर ठेवून त्यांतून मारा. खाली तारा ताणल्या, तर गारांचा भार पेलतो. खिडक्या समोरासमोर ठेवा. दुपारी त्या उघडल्या नाहीत तर पालकाची भाजी होरपळते. सकाळी नऊला उघडायच्या, तीनच्या सुमारास बंद करायच्या, आणि हे काम एका इयत्तेकडे नेमून द्यायचं.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की रात्री आत दमटपणा राहतो आणि भुरी, करपा येतो. काळा रंग दिलेलं पाण्याचं पिंप आत ठेवा. पाणी बर्फगार राहत नाही आणि थोडी ऊबही धरतं. कंपोस्ट बाहेर कुजत नाही, थंडीत महिनोन् महिने तसंच पडतं, म्हणून खड्डा आतच करा. मेंढीचं आणि लामाचं खत मुबलक मिळतं. सॅलड, पालक, कोथिंबीर, मुळा, आसेल्गा ही पानांची भाजी यांनी सुरुवात करा, टोमॅटोचा मोह टाळा. पालेभाजीनं मुलांचा रक्तक्षय बरा होईल असं मात्र कुणाला सांगू नका. पानांतलं लोह अंगी कमी लागतं. त्यासाठी आरोग्य केंद्राच्या गोळ्या आणि प्राणिजन्य अन्न लागतं.

एवढं सगळं नीट करूनही फितोतोल्दो बंद पडतात, ते डिसेंबर अखेर ते मार्च या सुट्टीत. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि छताखालचं रोप पाण्यावाचून मरतं. मार्चमध्ये शिक्षक परततो, कधी कधी नवाच आलेला असतो, आणि आत वाळलेला कचरा असतो. तेव्हा बांधकामाच्या आधीच शाळेजवळच्या पाच-सहा कुटुंबांशी ठरवा : सुट्टीत पाणी त्यांनी द्यायचं, सुट्टीतली भाजी त्यांची. हे लेखी झालं नसेल तर पहिली वीट पाडू नका.

प्रश्न : उंचीचा त्रास किती होतो? मी सिकलसेल वाहक आहे (अहवाल ए-एस). तिकडे जाऊ शकतो का? (गडचिरोली)

उत्तर : अहवाल हातात ठेवून विचारलंत हे फार चांगलं केलंत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या इच्छुकांनी निघण्याआधी ही तपासणी करून घ्यावीच. सिकलसेलचा आजार (एस-एस) असेल तर अँडीजच्या उंचीवर जाऊ नये. वाहकांपैकी पुष्कळांना काहीच होत नाही, पण उंचीवर प्राणवायू कमी पडून प्लीहेचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका त्यांना असतो. डाव्या बरगडीखाली एकाएकी जोराची कळ आली तर लगेच खाली उतरायचं आणि रुग्णालयात ‘वाहक आहे’ हे आधी सांगायचं. रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या आणि कामच कमी उंचीवर निवडा : बोलिव्हियातलं तारिहा १,८५० मीटरवर आहे, इक्वेडोरमधलं लोहा सुमारे २,०६० मीटरवर. कुस्को, पुनो, ला पास तुमच्यासाठी नाहीत.

बाकीच्यांसाठी : कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को ३,४००, पुनो ३,८३० आणि ला पासचा विमानतळ, जो एल आल्तोत आहे, ४,००० मीटरच्याही वर. पुनोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६३ टक्के असतो. लिमाहून थेट पुनोला जाऊ नका. अरेकिपात, २,३३५ मीटरवर, तीन-चार रात्री काढा, मग वर चढा. कुस्कोला विमानानं उतरावंच लागलं, तर त्याच दिवशी खाली उरुबांबाला, २,८७० मीटरवर, मुक्कामाला जा. बोलिव्हियात सांता क्रूसहून कोचाबांबा (२,५६० मीटर) आणि मग ला पास. एकदा ३,००० मीटरच्या वर पोचलात, की त्यापुढे झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. असेटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असा नेहमीचा डोस आहे. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि गोळी त्यांनी लिहून दिली तरच घ्या.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे दोन-तीन दिवसांत ओसरतं. सरळ रेषेत पाऊल टाकताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं, बोलणं असंबद्ध होणं ही लक्षणं दिसली तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट पाहायची नाही. वर्षभर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : दोन-तीन आठवडे लिमाला राहून परतलात की शरीर पुन्हा नव्यानं सुरुवात करतं. कोकाच्या पानांचा चहा तिथं सर्वत्र मिळतो आणि कायदेशीर आहे, पण ती पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी माणूस तिथं वर्षभर टिकेल का? (ठाणे)

उत्तर : टिकेल. बटाट्याचे डझनावारी प्रकार, मका, किनोआ, वालासारख्या ‘आबास’ शेंगा, चीज, अंडी चालत असतील तर अंडी. ‘सिन कार्ने’ म्हटलं की कोंबडी येते, म्हणून ‘नि पोयो, नि पेस्कादो, नि काल्दो’ असं पूर्ण सांगा. सूप बहुधा मांसाच्या पाण्यातलंच असतं. ‘तार्वी’ ही पांढरी शेंगबी प्रथिनांनी भरलेली आहे, पण बाजारातून कडवटपणा काढलेलीच घ्या. कच्ची बी विषारी असते, ती शिजवून कित्येक दिवस पाणी बदलत भिजवावी लागते. सणाला पाहुण्याच्या ताटात ‘कुय’, म्हणजे गिनीपिग, येतो आणि तो मोठा मान असतो. ताट ढकलू नका. आपल्या घराची रीत आहे असं सांगून सोबतचे बटाटे मनापासून खा, लोक समजून घेतात.

पुनोच्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासभर रटरटली तरी शिजत नाही, म्हणून कुकर हवाच. तो तिथंच विकत घ्या, रबर-शिट्टी तिथलीच मिळते. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवा. घरं तापवलेली नसतात : लोकरीचं आतलं अंगडं, टोपी, हातमोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. बाकी गरम कपडे तिथल्या बाजारात चांगले मिळतात.

प्रश्न : व्हिसा आणि कागदपत्रांचा क्रम काय? (मुंबई)

उत्तर : व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकिटाआधी दिल्लीतल्या त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. भारतीयांना पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, तर २०१७ पासून पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत सूट आहे. पण वर्षभराचं काम पर्यटक म्हणून करायचं नसतं. मुदत उलटली की दिवसागणिक दंड लागतो, आणि संस्थेला तपासणीत त्रास होतो तो वेगळाच. निवासाचा योग्य दर्जा यजमान संस्थेमार्फत घ्यावा लागतो. त्यासाठी ती संस्था पेरूच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य यंत्रणेकडे, ‘आप्सी’कडे, नोंदलेली आहे का ते विचारा.

कागद असे : पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस दाखला, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन, मग त्या देशात पोचल्यावर अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. भारत, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर हे चारही देश अपॉस्टिल कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का बहुधा लागत नाही. पदवीच्या कागदांना अपॉस्टिलआधी राज्य पातळीवरचं साक्षांकन लागतं, त्याला वेळ धरा. दाखला फार आधी काढू नका, जुना झाला तर परत सगळा फेरा. अर्जांत दोन आडनावांचे रकाने असतात आणि तिथं आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव पासपोर्टवर नावाच्या रकान्यात असेल तर तसंच नावात लिहा, दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. एका कागदावर वेगळं पडलं की पुढचे सगळे अडतात.

तिन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो.

प्रश्न : आमच्या मंडळाला जुने कपडे आणि लॅपटॉप पाठवायचे आहेत. (पणजी)

उत्तर : पाठवू नका. भाडं आणि जकात मिळून सामानाच्या किमतीपेक्षा जास्त जाते, आणि फुकटच्या कपड्यांनी गावातल्या शिंपिणीचा धंदा बसतो. शाळेला काय हवं ते शिक्षकांकडून यादीनं मागवा, जवळच्या शहरातून खरेदी करून पावती घ्या. बहुतेक वेळा यादीत काळजीवाहू बाईचा पगार, वह्या आणि बसभाडं असतं. आणि मंडळाच्या पत्रकासाठी मुलांचे चेहरे दिसणारे फोटो मागू नका; बालगृहातल्या मुलाचा फोटो तर कधीच नाही.

प्रश्न : मुलगी एक वर्षासाठी पेरूतल्या अयाकुचोला निघाली आहे. आम्हाला काळजी वाटते. तिथं सुरक्षित आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : काळजी रास्त आहे. १९८० ते २००० या काळातल्या अंतर्गत हिंसाचाराची सगळ्यात मोठी झळ अयाकुचोला बसली. सत्यशोधन आयोगानं २००३ च्या अहवालात एकूण बळी सुमारे ६९ हजार मानले, त्यांत चारांपैकी तीन केचुआ किंवा तिथली दुसरी मूळ भाषा बोलणारे. आज शहरात रोजचं जगणं शांत आहे, पण घराघरांत ती आठवण आहे. तिला सांगा, लोक स्वतःहून बोलले तर ऐकायचं, प्रश्न विचारत बसायचं नाही.

आजचा खरा धोका रस्त्यांचा आहे. डोंगरातून रात्रीची बस टाळावी, विशेषतः डिसेंबर ते मार्च, कारण दरडी आणि चिखलाचे लोंढे येतात. ‘पारो’ आणि ‘ब्लोकेओ’, म्हणजे बंद आणि रस्तारोको, आठवडा आठवडा चालतात. डिसेंबर २०२२ पासून काही महिने दक्षिण पेरूत तेच झालं आणि कुस्कोचा विमानतळही अनेकदा बंद राहिला. खोलीवर दहा दिवसांचं धान्य, पाणी आणि रोकड असावी, आणि अडवलेल्या रस्त्यावरून पुढं जायचा हट्ट करू नये. डॉलर जवळ ठेवायचे तर नोटा कोऱ्या हव्यात, जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही. वेळेचा फरक साडेदहा तासांचा आहे : तिथं सकाळचे सात म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी फोन आला नाही तर कुणाला विचारायचं तो दुसरा नंबरही घेऊन ठेवा.

कुत्र्यांचंही सांगायला हवं. गल्लीत आणि कुरणावर मोकळी कुत्री असतात, आणि अरेकिपात २०१५ पासून कुत्र्यांमधला रेबीज पुन्हा आढळतो आहे. रेबीजची पूर्वलस इथूनच घेऊन जावी. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि पूर्वलस घेतलेली असली तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन पुढची इंजेक्शनं सुरू करायची.